मेडिकलच्या पोरांचं जुनं विनोदी नाटक आज नव्यानं बसवायचंय? सुरुवात अशी करा

सांगली-मिरजेत दरवर्षी कुठला ना कुठला नवा ग्रुप नाटक बसवायला घेतो, आणि त्यातल्या एखाद्याच्या तरी डोक्यात मेडिकल कॉलेजची कॉमेडी असतेच. साहजिक आहे. मिरजेत १८९४ पासून वॉनलेस हॉस्पिटल, १९६२ पासून शासकीय मेडिकल कॉलेज, सांगलीत सिव्हिल आणि गल्लोगल्ली दवाखाने, त्यामुळं आपल्याकडच्या प्रेक्षकात निम्मे लोक एकतर दवाखान्यात काम करतात नाहीतर पाहुण्याला बघायला तिथल्या बाकड्यावर बसून आलेले असतात. हा विषय इथं चालणारच. पण जुनी कॉमेडी उचलली, नावं मराठी केली, हातात मोबाईल दिले आणि लावला प्रयोग, असं केलं की पडतं. का पडतं आणि काय केलं की उभं राहतं ते पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्या धाग्यानं वाचता येईल. या प्रकारच्या कॉमेडीचा जीव आहे भीती. सरांची भीती, व्हायव्हाची म्हणजे तोंडी परीक्षेची भीती, आपल्याला काहीच येत नाही हे पेशंटला कळेल याची भीती. ती भीती सत्तर वर्षांपूर्वी लंडनला होती तशीच आज मिरजेला आहे, तिला हात लावायचा नाही. बदलायचं ते एवढंच की हसू कुणावर येतंय. जुन्या नाटकात ते बऱ्याचदा पेशंटवर, सिस्टरवर आणि वर्गातल्या मुलींवर येतं. ते तिथनं उचलून ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर आणि ज्याला काही येत नाही त्या पोरावर आणून ठेवायचं. सगळी मेहनत इथंच आहे.

आधी हक्क, मग वाचन

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव 'डॉक्टर इन द हाऊस'. लेखक रिचर्ड गॉर्डन, हे टोपणनाव, खरं नाव गॉर्डन ऑस्टलर, स्वतः भूलतज्ज्ञ होते आणि लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात शिकलेले. कादंबरी १९५२ ची, त्यावर १९५४ ला सिनेमा आला आणि तो ब्रिटनमधे तुफान चालला, मग टेड विलिस यांनी त्याचं नाटक केलं, आणि १९६९ ला टीव्ही मालिका निघाली. त्या मालिकेच्या लेखकांत ग्रॅहम चॅपमन आणि ग्रॅम गार्डन हे दोघं डॉक्टरकी शिकलेले होते. म्हणजे हे सगळं आतल्या माणसांनी लिहिलेलं आहे, आणि ते आतलेपण हीच त्याची ताकद.

आता नवीन लोक म्हणतात एवढं जुनं आहे, कोण विचारतंय. तसं नाही. भारतात लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून पुढं ६० वर्षं कॉपीराइट चालतो. गॉर्डन गेले २०१७ ला, म्हणजे त्यांच्या लिखाणावर २०७७ संपेपर्यंत हक्क आहे. विलिस १९९२ ला गेले, त्यांचं नाटक २०५२ संपेपर्यंत बांधलेलं. सिनेमा जुना झाला म्हणून मूळ गोष्ट मोकळी झाली असं होत नाही. आपल्या कायद्यात हौशी संस्थेनं बिनतिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला सूट आहे, आणि कॉलेजच्या पोरांनी आणि स्टाफनी कॉलेजातल्याच लोकांसमोर, पालकांसमोर केलेल्या प्रयोगालाही आहे, पण ती सूट प्रयोग करण्यापुरती. भाषांतर आणि रूपांतर हा वेगळा हक्क आहे, त्याला परवानगी लागतेच. त्यामुळं थिएटरची तारीख घ्यायच्या आधी इंग्लंडमधे हे हक्क कुणाकडं आहेत ते शोधून मेल टाका, किती प्रयोग, तिकीट किती, हॉलमधे किती माणसं बसतात हे स्पष्ट लिहा, आणि उत्तर यायला वेळ लागणार हे धरून चाला.

परवानगी नाही मिळाली किंवा परवडली नाही तर हातपाय गाळू नका. जुना फ्रेंच नाटककार मोलिएर घ्या. १६७३ चं त्याचं शेवटचं नाटक, 'द इमॅजिनरी इनव्हॅलिड' या नावानं इंग्रजीत मिळतं, त्याचा शेवट म्हणजे एका नवशिक्याला डॉक्टर करून घ्यायचा खोटाखोटा समारंभ आहे, सगळे मोठे डॉक्टर ओळीनं बसून मोडक्यातोडक्या लॅटिनमधे त्याची परीक्षा घेतात, आणि तो कुठल्याही रोगाला तीच तीन उत्तरं देतो, एनिमा द्या, रक्त काढा, जुलाब द्या, आणि प्रत्येक उत्तराला सगळे वाहवा करतात. जगातली पहिल्या नंबरची व्हायव्हा आहे ती! त्याच्यावर कुणाचा हक्क राहिलेला नाही, फक्त कुणाचं अलीकडचं भाषांतर उचलू नका, ते त्या भाषांतर करणाऱ्याचं असतं. आणि असं बाहेरचं नाटक आपलं करून घेणं ही आपल्या मातीतली गोष्ट आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' मुळात मोलिएरचंच, इंग्रजीतल्या 'ऑल इन द राँग' वरनं आलेलं, पण त्यातला संशयी फाल्गुनराव बघताना कुणाला फ्रान्स आठवतो का? तेवढं आपलं झालं पाहिजे.

हक्काचं मार्गी लागलं की वाचन. दोनदा करा, वेगवेगळ्या लोकांबरोबर. एकदा दोन इंटर्न (एमबीबीएस संपवून दवाखान्यात काम शिकणारे), एक रेसिडेंट (पुढचं शिकत वॉर्ड सांभाळणारा डॉक्टर) आणि जमलं तर एक सिस्टर बसवून, आणि एकदा ज्यांचा दवाखान्याशी काही संबंध नाही अशा चार-पाच जणांबरोबर. दोन्ही वेळा हातात पेन्सिल, आणि जिथं हसू आलं तिथं फक्त खूण नाही करायची, हसू कुणावर आलं ते समासात लिहायचं. पेशंट. सर. पोरगा. सिस्टर. मुलगी. संपल्यावर समास बघितला की नाटक कुठं दुरुस्त करायचंय ते तुमच्यासमोर मांडलेलं असतं. डॉक्टर मंडळी ज्याला हसली आणि बाहेरचे हसले नाहीत असल्या जागा कमी ठेवा, दहा-बारा असल्या तर चालतंय, तेवढं आतल्या लोकांना बरं वाटतं, पण सगळं नाटक तसं झालं तर ते कॉलेजचं गॅदरिंग होईल.

काळ कुठला ते एकदाच ठरवा

दोनच रस्ते आहेत. एकतर जुना काळ जसाच्या तसा ठेवायचा, नाहीतर पूर्ण आजचं करायचं. मधलं काही चालत नाही. मी नवीन ग्रुपला आजचंच करा म्हणतो, कारण जुन्या काळाला कपडेपट आणि फर्निचरचा खर्च आहे आणि प्रेक्षकाला सुटका मिळते की हे सगळं तेव्हाचं, आपलं नाही.

पण आजचं करायचं म्हणजे काय काय मुळातनं बदललंय ते बघावं लागतं. एक उदाहरण सांगतो. मूळ गोष्टीत एक मित्र आहे, जोपर्यंत तो मेडिकलला शिकतोय तोपर्यंत त्याला घरच्या इस्टेटीतनं दरवर्षी पैसे मिळणार, म्हणून तो निवांत नापास होत राहतो. त्या काळात हे फक्कड चालून गेलं. आज चालणार नाही, कारण आता नियमानं पहिल्या वर्षाला चारच प्रयत्न आणि सगळं एमबीबीएस नऊ वर्षांत संपवायचं. प्रेक्षकातला प्रत्येक पालक हिशोब करायला लागतो. मग हे पात्र काढून टाकायचं का? नाही, त्याला दुसऱ्या दारातनं आत घ्यायचं. आज अडकून बसलेला माणूस म्हणजे नीट पीजीसाठी, एमबीबीएसनंतरच्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठी, ड्रॉप घेऊन थांबलेला सीनिअर. पास होऊन गेलाय, हॉस्टेल सोडवत नाही, लायब्ररीत त्याची खुर्ची ठरलेली, मेसवाल्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, ज्युनिअर पोरांना सल्ले देतो आणि स्वतःचा रँक कुणी विचारला की चहा सांगतो. घरी फोनवर प्रत्येक वेळी "या वेळी नक्की". हा माणूस प्रत्येक कॉलेजच्या आसपास आहे, त्याच्यात हसूही आहे आणि पोटात कालवणारं काहीतरीही आहे. जुन्या पात्रातला फक्त आराम बदलून तिथं अडकणं आणलं, बाकी दोस्ती, सल्ले, उधारी सगळं तसंच राहतं.

असाच हिशोब प्रत्येक पात्राचा करा, मूळ माणसाला काय पाहिजे होतं आणि आज ते कुणाला पाहिजे असतं.

दुसरा मोठा बदल वर्गातल्या मुलींचा. गॉर्डन शिकत होते तेव्हा लंडनच्या बऱ्याच मेडिकल स्कूलमधे मुलींना प्रवेशच नव्हता, ते दरवाजे खरे उघडले दुसऱ्या महायुद्धानंतर, त्यामुळं त्या गोष्टीत बायका म्हणजे नर्स नाहीतर प्रेमिका. आज वर्गात मुली मुलांच्या बरोबरीनं असतात. नुसती एक मैत्रीण वाढवून भागणार नाही, मुख्य चौकडीतल्या दोन तरी मुली करा आणि त्यांना विनोद द्या, त्यांनाही घाबरू द्या, त्यांनाही चुकू द्या, त्यांनाही उधार मागू द्या. नवीन लेखक मुलींना हुशार आणि समजूतदार करून कोपऱ्यात उभं करतात, तो मान नाही, ती शिक्षा आहे. आणि नर्सच्या युनिफॉर्मवरचे, साइजवरचे जेवढे विनोद आहेत ते पहिल्या बैठकीतच कापा, त्याच्यावर चर्चासुद्धा नको.

सरांचं काय करायचं हा प्रश्न सगळे विचारतात. सिनेमातला दाढीवाला अवाढव्य सर्जन लोकांच्या लक्षात राहिला तो नुसता ओरडतो म्हणून नाही, त्याला त्याचं काम येतं म्हणून. आजच्या प्रेक्षकाला पोराचा चारचौघात अपमान बघून हसू येत नाही, अंगावर येतं. तेव्हा सरांचा राग निष्काळजीपणावर ठेवा, पोराच्या गावावर, इंग्रजीवर, कपड्यावर नको. आणि सरांनाही कुणीतरी घाबरवणारं पाहिजे, ती म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. पंचवीस वर्षं त्या वॉर्डात काढलेल्या सिस्टरनं नुसतं "सर, हा डोस एकदा बघता का" म्हटलं आणि सर गप्प होऊन चष्मा शोधायला लागले की टाळ्या पडतात. सरांऐवजी मॅडम केल्या तरी झकास जमतं, फक्त त्यांची खाष्ट सासू करू नका.

राउंडचा प्रवेश: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

राउंड म्हणजे सर पोरांना घेऊन वॉर्डातल्या एकेका पेशंटपुढं जातात ते. सिनेमात एक प्रसंग आहे, सर्जन पेशंटच्या पोटावर भलीमोठी रेघ मारून दाखवतो की इथनं कापायचं, पेशंटचे डोळे पांढरे होतात, आणि सर्जनच्या लेखी तो पेशंट त्या बोलण्यात नसतोच. प्रसंग सुंदर बांधलेला आहे. पण बघा, पूर्ण वेळ तो माणूस झोपलेला आहे आणि सगळे त्याच्या अंगावरनं बोलतायत. आज हा प्रसंग करायचा तर बांधणी तीच ठेवायची आणि पेशंटला तोंड द्यायचं.

टीचिंग हॉस्पिटलमधे ज्यांनी दिवस काढलेत त्यांना माहीत आहे, एखाद्याची प्लीहा (स्प्लीन, पोटात डाव्या बरगडीखालचा अवयव) हाताला चांगली लागत असली की त्या माणसाचं पोट दिवसभर सगळी बॅच दाबत असते. तर आपला पेशंट म्हणजे कवठेमहांकाळकडचे एक आबा. सर मागं, पोरं ओळीनं, सर विचारतात स्प्लीन किती लागते. पहिला एक सांगतो, दुसरी वेगळं सांगते, तिसऱ्याला काही लागतच नाही पण तो मान हलवतो. सर तापायला लागतात. आणि आबा छताकडं बघत शांतपणे म्हणतात, "सकाळधरनं सतरा जनांनी दाबलंय, परतेकाचं माप येगळं. तुमी तरी एकदा काय ते ठरवा सायेब, म्हंजी मी घरला कळिवतो."

हसू कुणावर आलं? पोरांवर, सरांवर, सगळ्या व्यवस्थेवर. आबांवर नाही. आणि त्यानंतर सरांनी आबांच्या बेडवर बसून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलायचं, मराठीत, काय झालंय ते समजावून. तिथं विनोद नको, मिनिटभर नुसतं बोलू द्या, प्रेक्षक ऐकतात.

बोलीबद्दल महत्त्वाचं: आबांचं बोलणं हसण्यासाठी नाही. ते शहाणे आहेत आणि त्यांची भाषा त्यांची आहे. जो नट गावाकडचं बोलणं म्हणजे विनोद समजून ताणून ताणून बोलतो त्याला हा रोल देऊ नका. ज्याच्या घरात असं बोलतात त्याला द्या, जमिनीवरनं बोलल्यासारखं साधं येतं.

आता हाच प्रवेश स्टेजवर कसा मांडायचा, कारण इथं नवीन ग्रुप हमखास फसतात. डॉक्टर पेशंटला नेहमी पेशंटच्या उजव्या बाजूनं तपासतो, ही शिस्त पहिल्यापासून लावलेली असते. कॉट फूटलाइटला समांतर ठेवली आणि पेशंटचं डोकं प्रेक्षकांच्या उजव्या हाताला घेतलं की पेशंटची उजवी बाजू आपोआप स्टेजच्या मागच्या अंगाला येते, म्हणजे तपासणारा पोरगा कॉटच्या मागं उभा राहतो आणि त्याचं तोंड प्रेक्षकांकडं. डोकं उलट्या बाजूला घेतलंत तर एकतर तो पाठ करून उभा राहील, नाहीतर डाव्या बाजूनं तपासेल आणि बाल्कनीतले सगळे डॉक्टर चुळबुळ करतील. प्लीहा बघायची तर हात उजव्या ओटीपोटापासनं सुरू करून तिरका डाव्या बरगडीकडं न्यायचा, हात सपाट, बोटं खुपसायची नाहीत, आणि तपासताना नजर पोटावर नाही, पेशंटच्या चेहऱ्यावर, दुखतंय का बघायला. ही शेवटची गोष्ट तर नाटकाला देणगी आहे, पोरगा घाबरून चेहऱ्याकडं बघतोय आणि आबा त्याच्याकडं, त्या बघण्यातच अर्धा प्रवेश होतो.

स्टेथोस्कोपचं पण तसंच. कानातले टोक पुढच्या बाजूला, नाकाकडं वळलेले पाहिजेत. उलटा घातलेला स्टेथो तिसऱ्या रांगेतनं दिसतो.

परीक्षेचा प्रवेश आणि भाषेची गंमत

परीक्षेशिवाय हे नाटक नाही. केस प्रेझेंटेशन, म्हणजे पेशंट तपासून परीक्षकापुढं मांडणं, ते घ्या, नुसत्या व्हायव्हापेक्षा ते स्टेजवर जास्त चांगलं, कारण तिथं तिसरा माणूस आहे, पेशंट. परीक्षेला वर्षानुवर्षं बसलेले पेशंट असतात, त्यांना स्वतःचा आजार इंग्रजीत पाठ असतो. पोरगी थरथरत नाव-गाव विचारतेय आणि समोरच्या मावशी म्हणतात, "बाळ, तू श्वास घे आधी. मला काय ते सगळं पाठ हाय. मागच्या टायमाला एक पोरगं आलं हुतं, त्यानं पायाची सूज बगायची इसरली, तू पाय बग." आणि मग एक्सटर्नल, म्हणजे बाहेरनं आलेले परीक्षक, आल्यावर मावशी निष्पाप चेहऱ्यानं छताकडं बघत पडलेल्या. इथं पोरगीनं सगळं पाठ म्हणून दाखवून पास व्हायचं असं करू नका, तिला मावशींनी न सांगितलेली एक गोष्ट स्वतः सापडली पाहिजे. तेवढं तिला द्या, नाहीतर ती डॉक्टर होणार यावर प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही.

आपल्या भागाची खरी खाण मात्र वेगळीच आहे आणि ती मूळ नाटकात असणं शक्यच नाही. सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्याच्या. म्हणजे वॉर्डात राजस्थानचा पोरगा उभा, त्याला मराठी "कुठे दुखतंय" एवढंच येतंय, समोर जत तालुक्याच्या सीमेवरची आजी, तिला कानडीशिवाय काही येत नाही, आणि मधे वॉर्डात कामाला असलेल्या मावशी, ज्यांना तिन्ही भाषा कामापुरत्या येतात. पोरगा हिंदीत दोन शब्द विचारतो, मावशी आजीला कानडीत दोन मिनिटं काहीतरी सांगतात, आजी तीन मिनिटं उत्तर देते, हातवारे करते, डोळ्याला पदर लावते, आणि मावशी पोराकडं वळून म्हणतात, "नाही म्हणतीय." कानडी खरी वापरा, येणाऱ्या माणसाकडनं लिहून घ्या, जतकडचा कुणी ना कुणी तुमच्या ग्रुपमधे असतोच. बनवाबनवीचे आवाज काढलेत तर तो त्या भाषेचा अपमान होतो. २०१९ पासनं नवीन अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पोरांना पेशंटपुढं नेतात, त्यामुळं हा पोरगा अगदी कोवळा, काहीच न येणारा दाखवला तरी खोटं वाटत नाही.

काय आत घ्यायचं नाही

डिसेक्शन हॉलचे, म्हणजे मृतदेहावर शरीर शिकायच्या खोलीतले जुने विनोद, मृतदेहाचा हात कुणाच्या खिशात टाकणं, हाडं घेऊन फिरणं, हे पूर्ण बंद. एकतर आता बऱ्याच कॉलेजात पहिल्या दिवशी पोरं देहदान करणाऱ्यांबद्दल आदराची शपथ घेतात, आणि दुसरं म्हणजे आपल्या प्रेक्षकात ज्यांच्या घरच्यांनी देहदान केलंय असे लोक बसलेले असतात. पोरगा पहिल्यांदा आत जाऊन चक्कर येऊन पडतो हे ठेवा, ते त्याच्यावर हसणं आहे.

रॅगिंग गंमत म्हणून दाखवू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याच्याविरुद्ध कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ती गंमत नव्हतीच. सीनिअर-ज्युनिअरची ओळख दाखवायची असली तर नोट्स, उसनवारी, मेसचं जेवण, रात्री दोनला स्टेशनवरचा चहा, भरपूर आहे.

खरा पेशंट ओळखू येईल असा किस्सा घेऊ नका. गाव बदला, आजार बदला, वय बदला, आणि तरी शंका राहिली तर सोडून द्या. मिरज लहान आहे. आणि लोकांनी 'मुन्नाभाई' २००३ पासून टीव्हीवर सतत बघितलाय, त्यातल्यासारखं काही दिसलं की प्रेक्षक मनात तुलना करतो आणि तुम्ही हरता, म्हणून मिठ्या मारणं आणि वॉर्डात नाचणं दोन्ही टाळा.

माणसं, तालीम, सामान

सगळे नट डॉक्टर घेऊ नका. मोह होतो, पण त्यांच्या ड्युट्या जुळत नाहीत आणि परीक्षा आली की निम्मी टीम गायब. एक रेसिडेंट सल्लागार म्हणून घ्या, त्याला रोज बोलवू नका, महत्त्वाच्या चार-पाच तालमींना बोलवा आणि त्याचं नाव जाहिरातीत घाला. डॉक्टर नट घेतलाच तर त्याच्या प्रत्येक प्रवेशाला बदली माणूस तयार ठेवा. नर्स आणि मावशीच्या रोलला मात्र तुमच्याकडच्या सगळ्यात अनुभवी बायका द्या, या नाटकात टायमिंग त्यांच्या हातात आहे.

तालमीत पहिले काही दिवस नुसतं बसून वाचा आणि वेग वाढवत न्या. दवाखान्यात कुणी निवांत बोलत नाही, चालता चालता बोलतात, म्हणून उभं राहिल्यावर राउंड खरोखर चालत घ्या, सर पुढं, बाकी धावत मागं, शेवटची पोरगी वही सांभाळत. भीतीचा विनोद ओरडून येत नाही. पोरानं उत्तर आठवायचा खरा प्रयत्न केला पाहिजे, नटाला म्हणावं तुला उत्तर माहीत नाही असं करू नकोस, तुला ते काल रात्री माहीत होतं असं कर. फरक लगेच दिसतो.

सामानात पैसे दोनच गोष्टींवर घालवा, चाकांची खरी लोखंडी कॉट आणि सलाइन स्टँड. मोडीतनं मिळतात, रंगवून घ्या. सांगाडा लागला तर प्लास्टिकचा, खरी हाडं आणायची नाहीत. एप्रन पोरांना मापापेक्षा जरा मोठे, खिसे फुगलेले, एकाच्या खिशाला पेनची शाई. सरांना बहुतेकदा एप्रन नसतोच. पाऱ्याचं बीपी मशीन कुणाकडं पडलेलं असलं तरी वापरू नका, फुटलं तर स्टेजवर पारा, आणि आता दवाखान्यातनंही ती जातायत. मशीनचा बीप बीप आवाज सारखा लावू नका, जनरल वॉर्डात तो नसतो, तिथं पंखा, खोकला, डब्याची भांडी आणि नातेवाईक यांचा आवाज असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडं, पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तारखेच्या बरंच आधी पाठवा. पार्श्वसंगीताला फिल्मी गाणी घेतलीत तर त्याचे हक्क वेगळे, त्यापेक्षा ग्रुपमधल्या पेटीवाल्याकडनं दोन तुकडे करून घ्या. राज्य नाट्य स्पर्धेला घालायचं असलं तर त्या वर्षीची नियमावली नीट वाचा, रूपांतर असेल तर परवानगीची पत्रं जोडावी लागतात.

पहिला प्रयोग भावे नाट्यमंदिरात करावा अशी सांगलीतल्या प्रत्येकाची इच्छा असते, आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर', पहिलं मराठी नाटक, याच गावात केलं म्हटल्यावर ती असणारच. पण त्याच्या आधी एक रंगीत तालीम फक्त नर्स, मावशी, मामा आणि वॉर्डातल्या स्टाफसमोर करा, फुकट, चहा-भडंग देऊन. ते कुठं हसतात यापेक्षा कुठं एकमेकांकडं बघून गप्प बसतात ते टिपून घ्या, आणि त्या जागा दुसऱ्या दिवशी दुरुस्त करा, वाद घालू नका. डॉक्टरांसमोर नंतर. मग मिरजेला बालगंधर्व नाट्यगृहात लावा, आणि तिथली वेळ रात्री साडेनऊची अजिबात ठेवू नका, दुपारी चारची ठेवा, म्हणजे सकाळपाळी संपवून आलेल्यांना बघता येतं आणि ज्यांची रात्रपाळी आहे त्या सिस्टर नाटक बघून आठच्या आत वॉर्डात पोचतात.